मेडशीच्या फाट्यावरून काही टिपणे

मेडशी हे वाशिम जिल्ह्यातल्या मालेगाव तालुक्यातलं गाव. अकोल्याहून निघालेली एसटी पातूर सोडते, घाट चढते, दोन्ही बाजूंचं रान मागे टाकते आणि मेडशीला थांबते. पुढे मालेगाव, वाशिम, हिंगोली, नांदेड. सरकारी कागदात हा राष्ट्रीय महामार्ग १६१. अकोल्यात सुरू होतो आणि तेलंगणात संगारेड्डीला संपतो. चौपदरीकरणाचं काम निघालं तेव्हा त्याचे टप्पे पाडले गेले: अकोला ते मेडशी, मेडशी ते वाशिम, आणि तसेच पुढे. एवढ्याशा गावाचं नाव दिल्लीच्या निविदांमध्ये गेलं ते असं.

दिल्लीला या रस्त्यात रस आहे, कारण तो इंदूर–हैदराबाद कॉरिडॉरचा एक तुकडा आहे. माळव्याचा माल दख्खनेत आणि दख्खनेचा माळव्यात न्यायचा, तर नकाशावर सरळ रेघ याच भागातून जाते. ही वाट कुणाची आणि ती कुठून जावी, यावर गेली दोनशे वर्षं भांडण चालू आहे. रस्ता हा त्या भांडणाचा ताजा भाग. जुना भाग रेल्वेचा, आणि त्याच्याही आधी फौजांचा.

*

नकाशा उघडून अकोटच्या पश्चिमेला अडगाव शोधावं. २९ नोव्हेंबर १८०३ रोजी याच अडगावच्या मैदानात इंग्रज सेनापती वेलस्लीनं नागपूरकर भोसले आणि शिंदे यांच्या फौजांचा पराभव केला. सोळा दिवसांनी गाविलगडचा किल्ला पडला. त्यानंतर दोनच दिवसांनी, १७ डिसेंबरला, देवगावचा तह झाला आणि वर्धा नदीच्या पश्चिमेचा भोसल्यांचा वऱ्हाडातला हक्क बहुतांशी संपला. तो मुलूख इंग्रजांनी स्वतःकडे न ठेवता निजामाला दिला.

पन्नास वर्षांनी, १८५३ साली, तोच मुलूख इंग्रजांनी निजामाकडून काढून घेतला. निमित्त होतं हैदराबाद कंटिन्जंट फौजेच्या थकलेल्या खर्चाचं. १९०२ मध्ये व्हाइसरॉय कर्झननं वर्षाला २५ लाख रुपयांवर वऱ्हाड कायमच्या पट्ट्यानं घेतलं. नावाला मालकी निजामाची, कारभार इंग्रजांचा. मेडशी, मालेगाव, वाशिम हे सगळं या वऱ्हाडात. वाशिमच्या खाली कन्हेरगावजवळ निजामाची हद्द लागायची. तिथे वेगळी जकात, वेगळं नाणं, वेगळी रेल्वे.

अकोला–हिंगोली हा रस्ता आज दोन-अडीच तासांचा आहे. त्या काळी तो एका राज्यातून दुसऱ्यात जायचा. या वाटेवर पैसा का खर्च झाला नाही, याचं निम्मं उत्तर मला इथेच सापडतं. सरहद्दीकडे जाणारी वाट बांधायला दोन्ही बाजूंचे राज्यकर्ते नाखूश असतात.

*

पूर्व–पश्चिम वाटेचं मात्र तसं झालं नाही. अमेरिकेत १८६१ ते ६५ यादवी युद्ध चाललं, लँकेशायरच्या गिरण्यांना कापूस मिळेना, आणि वऱ्हाडच्या काळ्या मातीचा भाव वाढला. ग्रेट इंडियन पेनिन्सुला (जीआयपी) रेल्वे भुसावळवरून अकोला, बडनेरा करत १८६७ मध्ये नागपूरला पोचली. १८७० मध्ये खामगावची शाखा व्हाइसरॉय मेयोच्या हस्ते सुरू झाली. शेतातल्या बोंडाला मुंबई बंदराचा रस्ता मिळाला.

त्या रुळांनी वऱ्हाडाची दिशाच ठरवून टाकली. मुंबई एका हाताला, नागपूर–कलकत्ता दुसऱ्या. जिनिंग, प्रेसिंग, अडत, बँका, सगळं रुळाला धरून वसलं. जो गाव रुळापासून दोन दिवसांच्या बैलगाडीवर, तो मागे पडला. घाटावरचा मालेगाव–मेडशीचा टापू त्यातलाच.

*

उत्तर–दक्षिण जोडायचा विचार संस्थानिकांनी केला, आणि तो आपापल्या पैशानं. इंदूरच्या तुकोजीराव होळकरांनी खंडवा–इंदूर मार्गासाठी इंग्रज सरकारला एक कोटी रुपये कर्ज दिलं, १०१ वर्षांच्या मुदतीनं आणि साडेचार टक्के व्याजानं. रेल्वेसाठी एखाद्या मराठी संस्थानिकानं साम्राज्याला कर्ज देणं ही गोष्ट आपल्या पाठ्यपुस्तकांत यायला हवी होती. तिकडे निजामाच्या बाजूला मनमाड–सिकंदराबाद मीटरगेज लाइन १९०० च्या सुमारास झाली आणि तिच्यावरच्या पूर्णा जंक्शनपासून हिंगोलीपर्यंतचा फाटा १९१२ मध्ये.

म्हणजे उत्तरेची छोटी लाइन खंडव्याला येऊन थांबली होती, दक्षिणेची हिंगोलीला. मधलं अंतर स्वातंत्र्य मिळेपर्यंत तसंच राहिलं. मध्ये हद्द होती. १९४८ च्या सप्टेंबरात हैदराबाद भारतात आलं, आणि त्यानंतरच हिंगोली–वाशिम–अकोला–खंडवा हा दुवा बांधला गेला. त्यानं देशाच्या दक्षिणेकडच्या आणि उत्तरेकडच्या मीटरगेज लाइनी एकमेकींना जोडल्या. काचीगुड्याहून निघालेली मीनाक्षी एक्स्प्रेस वाशिम, अकोला, खंडवा, इंदूर, रतलाम करत राजस्थानात जायची. आमच्या भागातल्या कित्येक घरांत अजमेरच्या यात्रेची आठवण या गाडीशी बांधलेली आहे.

तेव्हाही रूळ मेडशीला आले नाहीत. ते अकोल्याहून बार्शीटाकळी, जऊळका असे पूर्वेकडून वाशिमला गेले. जऊळका मालेगाव तालुक्यातच आहे, पण मेडशीच्या माणसाला स्टेशन गाठायला वाट वाकडी करावी लागते. मेडशीला रस्ता राहिला.

*

एक गोष्ट राज्यांच्या नकाशातून लक्षात येते आणि ती फारशी बोलली जात नाही. १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत अकोला आणि खंडवा एकाच राज्यात होते, नागपूर राजधानी असलेल्या जुन्या मध्यप्रदेशात. हिंगोली परक्या राज्यात. राज्य पुनर्रचनेनंतर हे उलटं झालं. हिंगोली आणि अकोला एका राज्यात आले, खंडवा पलीकडे गेला. हद्द वाशिमच्या दक्षिणेकडून उचलून मेळघाटच्या जंगलापलीकडे ठेवली गेली.

त्यानंतरचा सगळा इतिहास याच्याशी जुळतो. वाशिम–हिंगोलीचा तुकडा आता आतला झाला, त्याची कामं पुढे सरकली. अकोला–खंडव्याचा तुकडा काठावर गेला. तिथे मत कमी, माणूस कमी, जंगल जास्त. पूर्णा–अकोला ब्रॉडगेज २००८ मध्ये झालं. अकोला–खंडवा अजून पूर्ण नाही.

*

अकोला–खंडवा सुमारे १७५ किलोमीटर. त्यातले साधारण ३८ किलोमीटर मेळघाट व्याघ्र प्रकल्पातून जातात. मेळघाट हा देशातल्या पहिल्या नऊ व्याघ्र प्रकल्पांपैकी एक, १९७३–७४ मधला. छोटी लाइन त्याच्या आधीची. धूळघाटजवळ चढ काढण्यासाठी रूळ गोल फिरवून स्वतःच्याच डोक्यावरून नेले होते. खिडकीतून खाली पाहिलं की थोड्या वेळापूर्वी आपण गेलो ती लाइन दिसायची. वान रोड स्टेशनवर गाडी थांबली की कोरकू बाया मोहाची फुलं नाहीतर रानभाजी घेऊन चढत. दिवसाला मोजक्या गाड्या, वेग सायकलीच्या थोडा वर. जंगलानं ती लाइन सहन केली.

ब्रॉडगेज म्हणजे निराळं प्रकरण. मालगाड्या, मोठा वेग, रात्रभर वाहतूक, रुंद भराव, बोगदे, खोदकाम. वन्यजीव तज्ज्ञांनी विरोध केला, भारतीय वन्यजीव संस्थेनं धोका दाखवला, उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठात जनहित याचिका गेली. रेल्वेचं म्हणणं होतं, रूळ आमचेच आहेत, आम्ही फक्त रुंद करतो आहोत. सुचवलेला पर्याय: अकोटवरून हिवरखेड, सोनाळा, जामोद करत जंगलाला वळसा घालून तुकईथडला पुन्हा जुन्या लाइनीला मिळायचं. अंतर साधारण ३० किलोमीटरनं वाढतं.

२०१७ च्या सुरुवातीला अकोला–अकोट छोटी लाइन बंद झाली. अकोटपर्यंत ब्रॉडगेज झालं आणि २०२२ च्या नोव्हेंबरात गाडी सुरू झाली. ती अकोटहून परत फिरते. पुढचा दुवा अजून तुटलेला.

*

चाळीसेक किलोमीटरच्या तुकड्यानं अख्खा कॉरिडॉर अडतो, हे आपल्याकडेच होतं असं नाही. आर्मेनियाच्या दक्षिण टोकाला स्यूनिक प्रांत आहे. त्याच्या एका बाजूला अझरबैजान, दुसऱ्या बाजूला अझरबैजानचाच तुटक भाग नाखिचेवान. सोव्हिएत काळात १९४१ मध्ये तिथून, मेघ्री गावावरून, रेल्वे झाली होती. नव्वदच्या दशकात काराबाखच्या युद्धात ती बंद पडली. नोव्हेंबर २०२० च्या शस्त्रसंधीत वाहतूक खुली करायचं ठरलं आणि तेव्हापासून वाद हाच की त्या पट्टीवर नियंत्रण कोणाचं. अझरबैजान त्याला झंगेझूर कॉरिडॉर म्हणतं, आर्मेनियाला ते म्हणणंच मान्य नाही. ऑगस्ट २०२५ मध्ये वॉशिंग्टनला करार झाला आणि त्या वाटेला अमेरिकेच्या अध्यक्षाचं नाव दिलं गेलं. इराण, रशिया, तुर्कस्तान या सगळ्यांचं लक्ष तिथे लागलं आहे.

तिथे माणसं मेली, घरं सोडून पळाली. मेळघाटशी त्याची बरोबरी करणं चूक ठरेल. तरी एक गोष्ट दोन्हीकडे सारखी आहे. कॉरिडॉरची मागणी करणारे दोन टोकांना बसलेले असतात आणि किंमत मधल्यांच्या अंगावर पडते. मेघ्रीच्या गावकऱ्याला बाकूहून नाखिचेवानला जायचं नसतं. मेडशीच्या शेतकऱ्याला इंदूरहून हैदराबादला जायचं नसतं. त्याला तूर घेऊन मालेगावच्या बाजारात जायचं असतं आणि संध्याकाळी परत यायचं असतं.

*

२०२१ हे साल या वाटेच्या इतिहासात वेगळं काढून ठेवावं असं आहे. त्या वर्षी तत्कालीन मुख्यमंत्री उद्धव ठाकरे यांनी केंद्राला पत्र लिहिलं: अकोला–खंडवा रेल्वे मेळघाटातून नेऊ नका, बाहेरून वळवा. आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये केंद्रीय मंत्री नितीन गडकरी यांनी ठाकरे यांना पत्र लिहिलं: वाशिम जिल्ह्यात महामार्गांची कामं तुमच्या पक्षाचे स्थानिक कार्यकर्ते अडवत आहेत. त्यात अकोला–नांदेड महामार्गाचा मेडशी ते वाशिम हा टप्पा नावानिशी होता. हे असंच चाललं तर पुढे राज्यातली कामं मंजूर करताना विचार करावा लागेल, असा इशाराही होता.

गडकरींचं पत्र वर्तमानपत्रांत छापून आलं. त्यातला आरोप एका बाजूचा, त्याची शहानिशा करणं माझं काम नाही. मला त्यातलं दुसरं काही लागलं. एकाच उत्तर–दक्षिण वाटेबद्दल, एकाच वर्षी, एक पत्र मुंबईहून दिल्लीला गेलं आणि एक दिल्लीहून मुंबईला आलं. पहिल्यात मुख्य विचार वाघाचा होता, दुसऱ्यात कामाच्या गतीचा. मेडशीच्या रस्त्याकाठच्या माणसाचं म्हणणं दोन्हींत नव्हतं.

*

ते म्हणणं काय आहे, हे ऐकायला फाट्यावर उभं राहिलं की पुरे. काम चालू होतं तेव्हाची ही नोंद. रस्त्याच्या दोन्ही अंगांना खोदलेलं, मधे एक पट्टी वाहतुकीला, टिप्परांची रांग. लगतच्या तुरीची पानं दिसत नव्हती. पांढरट फुफाट्याचा थर इतका की फुलोऱ्याचा पिवळा रंगही दबला होता. बांधावर उभ्या असलेल्या बाईनं एक फांदी हलवून दाखवली. धूळ पडली तशी फुलंही गळून पडली. ‘भाऊ, रोड पाह्यजेच आमाले. पन पानी तं मारा म्हना. टँकर येतो म्हन्ते, येतच नाही.’ एवढंच तिचं मागणं होतं. धुळीनं पीक गेलं तर त्याचा पंचनामा कोणी करायचा, तलाठ्यानं, कृषी सहायकानं की ठेकेदाराच्या माणसानं, हे तिथे उभ्या असलेल्या कुणालाच सांगता येईना.

*

जमिनीच्या मोबदल्याची गोष्ट. मालेगाव तालुक्यातून समृद्धी महामार्गही जातो. नागपूर–मुंबई, ७०१ किलोमीटर, १० जिल्हे. नागपूर–शिर्डी भाग ११ डिसेंबर २०२२ रोजी खुला झाला आणि शेवटचा इगतपुरी–आमणे भाग ५ जून २०२५ रोजी. आधी जमीन एकत्रीकरणाची योजना होती. विरोध झाल्यावर सरकारनं थेट खरेदी सुरू केली आणि ठरलेल्या दराच्या पाचपटीपर्यंत पैसे दिले. रजिस्ट्री झाली की पैसे खात्यात.

राष्ट्रीय महामार्गाचा कायदा १९५६ चा. तिथे थेट खरेदी नाही, संपादन आहे. ‘थ्री-ए झालं का? थ्री-डी निघालं का?’ हे प्रश्न आता पारावर विचारले जातात. कायद्याची कलमं शेतकऱ्यांना पाठ झाली आहेत. निवाडा मान्य नसेल तर लवादाकडे जायचं, तिथून कोर्टात. पूर्वी या कायद्यात दिलासा रक्कमसुद्धा मिळत नव्हती. ती नाकारणं घटनाबाह्य आहे, हे सर्वोच्च न्यायालयानं २०१९ मध्ये तरसेमसिंग प्रकरणात सांगितलं.

एका तालुक्यात, एकाच प्रकारच्या मुरमाड जमिनीला, दोन रस्त्यांचे दोन कायदे. ज्याचं वावर समृद्धीत गेलं त्यानं घर बांधलं. ज्याचं १६१ मध्ये गेलं तो फाइल घेऊन फिरतो, अशी जोडी एकाच भावकीत निघते. कामं अडतात त्यामागे राजकारण असतं हे खरं. पण ही तफावत नसती तर त्या राजकारणाला माणसं मिळाली नसती.

*

समृद्धीवर मोटारसायकल चालत नाही, ट्रॅक्टर चालत नाही, बैलगाडीचा प्रश्नच नाही. ज्या तालुक्याची जमीन गेली त्यातल्या बहुतेकांकडे हीच वाहनं. म्हणून १६१ चं महत्त्व कमी झालेलं नाही, वाढलं आहे. गावकऱ्याचा रस्ता तोच. तो चौपदरी करताना सर्व्हिस रोड, गुरांसाठी भुयारी वाट, शाळेसमोर ओलांडायची जागा, यांना पहिली कात्री लागू नये.

*

पातूर–मेडशीच्या रानात रोही, रानडुक्कर, बिबट्या आहे. पूर्वेला काटेपूर्णा अभयारण्य, पलीकडे कारंजा-सोहोळचं काळवीट अभयारण्य. पेंचमधून जाणाऱ्या नागपूर–जबलपूर महामार्गाच्या वेळी असाच वाद झाला होता. शेवटी रस्ता खांबांवर उचलला, खालून जनावरांना वाट ठेवली, आणि कॅमेऱ्यांत वाघ त्या वाटेनं जाताना दिसले. खर्च वाढला, वेळ गेला, पण रस्ताही झाला आणि वाघही राहिला. तेव्हा हे आपल्याकडे जमत नाही असं कुणी म्हणू नये. घाटातल्या साध्या पुलाखाली थोडी जास्त उंची सोडणं हे त्याच्या तुलनेत काहीच नाही.

*

आता मेळघाटच्या वळशाविषयी माझं मत. वळसाच घ्यावा.

एक तर जंगलासाठी. मेळघाट प्रकल्पातून गावं उठवली गेली. धारगड, गुल्लरघाट, सोमठाणा अशा गावांतली कोरकू कुटुंबं अकोट–तेल्हारा बाजूला आणून वसवली. कारण दिलं वाघाचं. दिलेलं वचन पाळलं नाही म्हणून त्यातले काही जण परत रानात गेले, आणि जानेवारी २०१९ मध्ये तिथे संघर्ष झाला, माणसं जखमी झाली. ज्या जंगलात माणसाची झोपडी चालत नाही त्यात मालगाडी चालते, असं सरकार कोणत्या तोंडानं सांगणार?

आणि दुसरं, माणसांसाठी. हे कारण मला पहिल्याइतकंच मोठं वाटतं, आणि वादात ते नेहमी मागे पडतं. जंगलातल्या ३८ किलोमीटरवर आता चढणारं-उतरणारं कुणी नाही. वळशाच्या वाटेवर मात्र हिवरखेड आहे, सोनाळा आहे, संग्रामपूर आणि जळगाव जामोद तालुक्यांतली गावं आहेत. या दोन तालुक्यांना स्वातंत्र्याच्या आधी रेल्वे मिळाली नाही, नंतरही नाही. केळी, संत्री, कापूस ट्रकनं जातो. खारपाणपट्ट्यातली ही गावं पाण्यासाठीही झगडतात. टोकाच्या प्रवाशाचा अर्धा तास वाढेल. मधल्या माणसाला पहिल्यांदा स्टेशन मिळेल. कॉरिडॉर म्हटलं की अर्ध्या तासाचा हिशेब लगेच मांडला जातो, स्टेशनाचा कुणी मांडत नाही.

जुन्याच मार्गाचा आग्रह धरणारेही आपलेच लोक आहेत. अकोट, धारणीकडच्यांचं म्हणणं, वळशाच्या नावाखाली आणखी वीस वर्षं जातील. ही भीती खोटी नाही. वाशिमच्या माणसाला इंदूरला जायचं तर आजही भुसावळचा लांबचा फेरा घ्यावा लागतो. दुवा तुटला तेव्हापासून लोक वाट पाहत आहेत. म्हणून वळसा मान्य करणाऱ्यांवर जबाबदारी जास्त येते. नुसतं ‘जंगल वाचवा’ म्हणून थांबता येणार नाही. वळशाची लाइन लवकर व्हावी म्हणून तितक्याच जोरानं भांडावं लागेल.

*

त्यासाठी आज काय मागायचं, ते लिहून ठेवतो. वळशाच्या मार्गाची आखणी, गट नंबरांसह, संग्रामपूर आणि जळगाव जामोदच्या ग्रामसभांत मराठीत वाचून दाखवावी. जमिनीचा दर समृद्धीच्या पद्धतीनं, थेट खरेदीनं द्यावा, म्हणजे मेडशी–वाशिमसारखी पत्रापत्री होणार नाही. पुनर्वसित कोरकू वस्त्यांना जवळ पडेल असा एक थांबा आराखड्यातच धरावा. आणि मेडशीच्या लोकांसाठी अकोल्याहून सुटणाऱ्या गाड्यांच्या वेळेला जुळणारी एसटी, आणि जऊळका स्टेशनापर्यंत एक धड डांबरी रस्ता. या शेवटच्या दोन गोष्टींना दिल्लीची मंजुरी लागत नाही. त्या वाशिमच्या डेपोत आणि जिल्हा परिषदेतच ठरतात.